बाळ तरी नीट बसलं

४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार, खुशाली वगैरे गृहीत धर. हे पत्र भांडण मिटवायला लिहिलेलं नाही. भांडण ठेवलं होतं तिथंच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. ही केवळ एक तांत्रिक चौकशी आहे आणि ती तुझ्याखेरीज कुणाकडे करता येत नाही, कारण फोटो तुझ्याकडे आहे. आई गेल्यावर तिच्या खोलीतल्या भिंतीवरून तो कुणी, कुणाला न विचारता, टॉवेलात गुंडाळून नेला हा विषय मी आज काढणार नाही. (काढला. पण तेवढाच.)

तर कारण असं. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंवर मी एक पुस्तिका लिहितो आहे. हसू नकोस. इतकी वर्षं लोकांचे फाटके, डागाळलेले, वाळवीनं खाल्लेले आजोबा-पणजोबा मी दुरुस्त करून देतो आहे. मला हे कुणी शिकवलं नाही, कुठल्या वर्गात मी बसलो नाही. जे कळलं ते फोटोकडे बघून कळलं, आणि ते कुणीतरी लिहून ठेवायला हवं. पहिलं प्रकरण रंगाचं आहे. लोक सरसकट सगळ्याला ‘तपकिरी’ म्हणतात. तपकिरीत किती तपकिरी असतात हे त्यांना कोण सांगणार? एक जांभळ्याकडे झुकलेला, एक भाजलेल्या विटेचा, एक नुसता उतरलेल्या चहाचा.

माझ्याकडे आहे ती आपल्या फोटोची नक्कल. मीच केलेली असल्यामुळे उत्तम आहे, पण नक्कल ती नक्कल. तेव्हा तू अस्सल फोटो खिडकीपाशी ने आणि तिरपा धरून बघ. बाबांच्या कोटाच्या काळ्या भागात, कडेकडेला, रुपेरी चकाकी आली आहे का? आईच्या गालावरचा उजेड पिवळा पडलाय की अजून मोत्यासारखा आहे? पुठ्ठ्यातली ती लंबगोल खिडकी, जिच्यातून आपल्याला फोटो दिसतो, तिची कड कापून तिरकी केलेली आहे की सरळ? एवढं कळव. दोन ओळीही चालतील.

आणि हो, बाबांच्या मांडीवरचं बाळ मी आहे. चौकशीत हे बसत नाही, पण राहून जायला नको.

तुझा भाऊ (अजून तरी)


१५ नोव्हेंबर

ताई,

दोन ओळी मागितल्या होत्या, तू चार पानं लिहिलीस आणि त्यातली साडेतीन माझ्यावर. उरलेल्या अर्ध्या पानाबद्दल मनापासून आभार. ‘कडेला पार आरसा झालाय, त्यात मला माझं नाक दिसतं आणि ते तुझ्यासारखं नाही हे बघून बरं वाटतं’ हे तुझं निरीक्षण पुस्तिकेत घेण्याजोगं आहे. नाकाचा भाग गाळून घेईन. ती चकाकी म्हणजे फोटोतली चांदी वर येते. फोटो म्हातारा होतो तेव्हा त्याला असे चांदीचे केस येतात. पुसायला जाऊ नकोस.

आता तुझा मुद्दा. तू म्हणतेस, बाळाच्या अंगातला झालरीचा फ्रॉक तुझा होता, म्हणून बाळ तू. फ्रॉक तुझाच होता, मान्य. तुझा फ्रॉक आकाशी होता आणि फोटोत तो पांढरा आहे, असं म्हणून मला तुला उडवता आलं असतं. पण तेवढा मी अप्रामाणिक नाही. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी काचेची प्लेट असायची, तिला आकाशी रंग पांढराच दिसायचा आणि लाल रंग काळा. म्हणून तर आई ज्याला ‘तो लालभडक रुमाल’ म्हणायची तो बाबांच्या गळ्यात काजळीसारखा दिसतो. तेव्हा फ्रॉक आकाशीच आहे, तुझाच आहे, आणि तुला लहान झाल्यावर मला घातलेला आहे. आपल्या घरात कुठला कपडा एका मुलावर संपला होता? तुझ्या स्वेटरमध्ये मी शाळेचं पहिलं वर्ष काढलं. त्याला मोर होते.

माझा पुरावा कान. बाळाचा डावा कान बाहेर आलेला आहे आणि माझा अजून तसाच आहे. तू लिहितेस, ‘कान धुरकट आहे, त्यात हत्तीचा कानसुद्धा दिसेल.’ धुरकट आहे हे खरं. त्या मोठ्या लाकडी कॅमेऱ्याची नजर डोळ्यांवर बसवलेली असायची. पापणीचा केस न् केस मोजावा आणि कानापाशी येईतो सगळं लोण्यासारखं मऊ. त्या चेहऱ्यांना जो भारदस्तपणा येतो तो यामुळेच, उगाच नाही. पण धुरकट कानालाही आकार असतो, ताई.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात अशी होती की ती वाचून मी चष्मा काढून ठेवला. तू विचारतेस, ‘मांडीवर तू असशील तर मी कुठं होते? मला शेजाऱ्यांकडे ठेवून तिघंच्या तिघं फोटो काढायला गेले?’ हे तुला इतकं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, तू फक्त हट्ट करतेस.

मग माझंही ऐकून ठेव. तुला बाबा आठवतात. त्यांच्या खांद्यावरून दिसलेला रस्ता आठवतो, त्यांचं खोकणं आठवतं. ते गेले तेव्हा मी रांगत होतो. मला काही म्हणजे काही आठवत नाही. बाबांनी आयुष्यात एकदाच फोटो काढून घेतला आणि त्यात ते खाली मांडीवरच्या बाळाकडे बघतायत. ते बाळ तू असलीस तर माझ्या वाट्याला बाबा आलेच नाहीत.

आई तर दोघांनाही एकच सांगायची. तू विचारलंस तरी ‘बाळ’, मी विचारलं तरी ‘बाळ’. बाळ नीट बसलं, बाळ रडलं नाही. तो की ती, एकदा तरी तोंडातून निघावं! नपुंसकलिंगानं आपलं घर मोडलं.

तुझा भाऊ

ता. क. पुठ्ठ्याच्या कडेबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस.


२४ नोव्हेंबर

ताई,

तुझं कार्ड आत्ता मिळालं. कड तिरकी आहे, समजलं. पण खाली तू जे खरडलं आहेस त्यावर मी अडकलो आहे. ‘आईचं वाक्य तरी धड आठव. ती बाळ नीट बसलं असं म्हणायची नाही. बाळ तरी नीट बसलं, असं म्हणायची.’

बरोबर आहे तुझं. अगदी बरोबर. मी मोठ्यानं म्हणून बघितलं तर आईचा आवाजच आला, शिवताना तोंडात दोरा धरून बोलायची तसा. ‘बाळ तरी नीट बसलं.’

तुझी भावजय कणीक मळत होती. तिला म्हटलं, “ऐक. ‘बाळ तरी नीट बसलं.’ यावरून काय कळतं?”

“बाळ बसलं, दुसरं कुणीतरी बसलं नाही,” ती म्हणाली. “यात विचारण्यासारखं काय आहे?”

ताई, इतकी वर्षं आपण दोघं ‘बाळ’ या शब्दावरून भांडलो. ‘तरी’कडे दोघांपैकी एकानंही बघितलं नाही.

कोण बसलं नाही?

घाईत,
तुझा भाऊ


२७ नोव्हेंबर

ताई,

उत्तराची वाट न बघता लिहितो आहे, माझ्या स्वभावात नसताना.

तीन दिवस नक्कल भिंग लावून बघतो आहे. कामं पडून आहेत. एका गृहस्थांच्या आजीला अजून अर्धीच हनुवटी आहे. पण मला जे दिसलं ते तू नीट वाच, आणि वाचताना फोटो समोर ठेव.

त्या स्टुडिओवाल्याचे बरेच फोटो माझ्या हाताखालून गेले आहेत. त्याचा मागचा पडदा मी झोपेतही ओळखीन: रंगवलेला संगमरवरी जिना, दोन्ही बाजूंना कुंड्या, वर ढग. कुंड्यांतली झाडं त्यानं मनानंच काढली असावीत, जगात तसं झाड नाही. तर तो माणूस जिना काटेकोर मधोमध ठेवायचा. जाडा असो, बारीक असो, नवरा-नवरी असो की एकटा म्हातारा, जिना मध्ये आणि माणसं जिन्याच्या दोन्ही अंगांना सारखी. तेवढं एक त्याचं व्रत होतं. आता आपला फोटो बघ. जिना कुठं आहे? लंबगोलाच्या डाव्या काठावर, अर्धा कापलेला! बाबा खुर्चीत, आई त्यांच्या मागे खुर्चीवर हात ठेवून, बाळ मांडीवर, आणि ही सगळी मंडळी उजवीकडे ढकलल्यासारखी.

आता बाबांचे हात. डावा बाळाच्या पोटाभोवती. उजवा कोपरापासून सरळ बाहेर गेलाय आणि मनगटाच्या अलीकडे लंबगोलानं त्याला कापलंय. आपण समजायचो तो खुर्चीच्या हातावर टेकलाय. पण खुर्चीचा हात त्याच्या खाली वेगळा दिसतो. मग बाबांचा हात कशावर आहे?

मला वाटतं, फोटो आपल्याला दिसतो त्याहून मोठा आहे. डावीकडचा भाग पुठ्ठ्याखाली आहे. आणि बाजारात चौकोनी खिडकीचे पुठ्ठे असताना त्यानं मुद्दाम लंबगोल घेतला, तोही एका बाजूला सरकवून लावला, म्हणजे त्याला काहीतरी झाकायचं होतं.

त्या फोटोत तू आहेस, ताई. मला खात्री आहे. बरं, खात्री म्हणजे, पुठ्ठा निघेपर्यंत जेवढी असू शकते तेवढी.

पुठ्ठा काढावा लागेल. तू काढू नकोस. खळीनं चिकटवलेला आहे, कागद वाळून पापडी झालेला असणार. उचकटलास तर बाबांचा चेहरा पुठ्ठ्याबरोबर येईल. फोटो मला पाठव.

तुझा भाऊ


८ डिसेंबर

ताई,

तुझा नकार पोचला. ‘एकदा तुझ्या हातात दिला की परत दिसायचा नाही’ हे वाक्य तू अधोरेखित केलं नसतंस तरी मला वाचता आलं असतं.

आणि पुढे तू जे लिहिलंस ते खरं आहे: पुठ्ठ्याखाली काहीच निघालं नाही तर? नुसता जिना निघाला, कुंडी निघाली, तर? तर मांडीवर कोण हे आपल्याला कधीच कळणार नाही, आणि ‘तरी’ म्हणजे आईची बोलायची लकब एवढंच ठरेल. किंवा काढताना फाटला तर? बाबांचा दुसरा फोटो नाही. हे सगळं मला कळतं.

तुझी भावजय हे पत्र माझ्या खांद्यावरून वाचते आहे. म्हणाली, “वन्संना एवढी भाषणं कशाला देता? तुम्हाला भीती वाटते का, ते लिहा.”

“मला कसली भीती? हाताला सवय आहे.”

“मग इतके दिवस त्या आजीची हनुवटी का होत नाहीये?”

वाटते. लिहिलं. हात चांगला आहे माझा, याबद्दल शंका घ्यायची नाही. पण परक्याचा आजोबा आणि आपला बाप यांत फरक असतो. तू नाही म्हणालीस तर मी पुन्हा विचारणार नाही. पाठवलास तर एवढंच सांगतो की घाई करणार नाही. दोन काचांमध्ये नको, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांध.

तुझा भाऊ


१९ डिसेंबर

ताई,

पार्सल आलं. पोस्टमनकडून ते दोन्ही हातांनी जपून घेतलं, तर तो म्हणाला, “काय साहेब, बॉम्ब आहे का?”

त्याच टॉवेलात गुंडाळून पाठवलास. आतली चिठ्ठीही वाचली: ‘फाडलास तर मी येऊन तुला फाडीन.’ भिंतीवर लावली आहे, कामाच्या टेबलासमोर.

अस्सल तो अस्सल. माझ्या नकलेत बाबांचा कोट काळा आहे. यात काळा नाही, त्यात शाईपासून चॉकलेटीपर्यंत सगळं आहे आणि कापडाची वीण दिसते. सगळ्यांच्या बुबुळांत स्टुडिओच्या काचेच्या छपराचा एकेक बारका चौकोन उजळलेला आहे. बाबांच्या बुटांमागे एक लोखंडी पाय डोकावतो, तो कधी बघितला होतास? माणसानं हलू नये म्हणून मागून मानेला चिमटा लावायचे, त्याचं ते स्टँड. मला आजवर ती खुर्चीची सावली वाटत होती.

आज नुसता बघितला. उद्या उन्हं आली की सुरुवात करतो.

तुझा भाऊ


२१ डिसेंबर

ताई,

फाटला नाही. हे आधी, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

ओल्या टिपकागदाची पट्टी पुठ्ठ्याच्या कडेला ठेवायची, खळ मऊ व्हायची वाट बघायची, बोथट पातं थोडं आत सारायचं, पुन्हा थांबायचं. तुझी भावजय शेजारी स्टुलावर बसून होती. तिला म्हटलं बोलू नकोस, तर तिनं श्वास घेणंही बंद केलं, मग मलाच म्हणावं लागलं, “अगं, श्वास घे.” उजवी बाजू सुटली, वरची सुटली. डावी कड सगळ्यात शेवटी. पुठ्ठा उचलला आणि मी बघायच्या आत तीच ओरडली, “अहो, या वन्सं!”

तू आहेस, ताई.

जिन्याच्या पलीकडे, बाबांच्या उजव्या हाताला. आता जिना बरोबर मधोमध आला. पाय अगदी स्पष्ट, सुईनं कोरल्यासारखे. पट्ट्याचे बूट, एकाचा पट्टा सुटलेला. मोजे, एक वर एक खाली. गुडघ्याच्या वर मात्र तू नाहीस, नुसता पांढरा धूर आहे. फ्रॉक पसरलेला, हातांच्या जागी पंखासारखे दोन फराटे. चेहरा दोनदा आलाय, एकदा कॅमेऱ्याकडे आणि एकदा मांडीवरच्या बाळाकडे, आणि मध्ये सगळी वाहती रेघ. डोळे कळत नाहीत. तोंड कळतं. उघडं आहे. सगळं जग श्वास रोखून पुतळ्यासारखं बसलेलं असताना तू बोलत होतीस.

तू हललीस, ताई! एवढंच झालं होतं. आपल्या घरातून एकाच फोटोचे पैसे निघाले असणार, दुसरी प्लेट कोण लावणार? त्या भल्या माणसानं जे नीट आलं तेवढं लंबगोलात बसवलं आणि तुझ्यावर पुठ्ठा ठेवला. आईनं तुला कधी सांगितलं नाही, कारण तू हललीस म्हणून फोटोतून गेलीस हे पोरीला कसं सांगायचं? ती मग आडून, त्या ‘तरी’तून बोलायची.

म्हणजे मांडीवरचं बाळ मी. जिंकलो. हे मी पत्राच्या पहिल्याच ओळीत मोठ्या अक्षरात लिहिणार होतो. लिहिलं नाही, कारण बाबांचा हात बघितला.

तो हात खुर्चीवर नाही. तुझ्या पाठीवर आहे. मनगटापर्यंत स्पष्ट आणि बोटं धुरकट, कारण बोटं तुझ्याबरोबर हलली. तुला धरून ठेवायला गेले होते आणि तूच त्यांना हलवलंस. आणि मग मी ते केलं जे मी आजवर टाळलं होतं, नक्कल हाताशी असताना. बाबांच्या बुबुळांपासून दोरा धरला आणि ते बघतात त्या दिशेनं ताणला. दोरा माझ्या डोक्यावरून गेला. सरळ तुझ्यापाशी. मान चिमट्यात होती म्हणून फक्त डोळे वळले. जन्मभर जिला मी माझ्याकडे बघणारी नजर समजत आलो ती तुझ्याकडे होती. शिवाय त्यांच्या ओठाचा डावा कोपरा किंचित धुरकट आहे. इतका नीटनेटका फोटो, आणि नेमका ओठाचा कोपरा धुरकट. हसू दाबत होते, दुसरं काय!

मला वाईट वाटायला हवं होतं. बराच वेळ वाट बघितली, पण वाटलं नाही. मांडी माझी, नजर तुझी. वाटणी मला मान्य आहे. आणि एक सांगू? बाबा कसे हसत असतील हे मला आजवर ठाऊक नव्हतं. तू हलली नसतीस तर कळलं नसतं.

आता व्यवहाराचं. नवा पुठ्ठा मी कापला आहे, चौकोनी, सगळी माणसं दिसतील असा. फोटो तुझ्या घरी लागेल, नक्कल माझ्याकडे राहील; यावर वाद नको, मला आज वाद घालायची सवड नाही. पण फोटो मी पोस्टानं पाठवणार नाही. तुझ्याइतका मी बेफिकीर नाही. तो न्यायला तुला स्वतःला यावं लागेल, आणि फोटो घेऊन लगेच पळता येणार नाही, दोन दिवस राहावं लागेल. तुझी भावजय म्हणते, चार. तिच्याशी तू भांड.

आलीस की तुला माझ्या दुकानात, उत्तरेच्या खिडकीपाशी, माझ्या शेजारी बसवून एक फोटो काढणार आहे. मागे पडदा नाही, चिमटा नाही. कॅमेरा माझा आहे, डोळ्याची पापणी लवायच्या आत काम होतं. तू खुशाल हल. बोललीस तरी चालेल.

तुझा भाऊ